बाबांचा टायफॉइड

आमच्या घरात बाबांच्या टायफॉइडला फार मान होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना टायफॉइड झाला, वर्ष बुडालं, अंगावरचं मांस उतरलं आणि तेव्हापासून ते असे काटकुळेच राहिले, ही गोष्ट मला पाढ्यांसारखी पाठ. मी पानात भात टाकला की आई म्हणायची, "टाक, टाक. बाबांसारखा टायफॉइड झाला की मग बस रडत."

पुढे मी मायक्रोबायॉलॉजी शिकले, पीएचडी केली, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं मी मेलबर्नला, क्लेटनमधल्या एका लॅबमध्ये टीबीच्या जंतूंवर काम करते. तरी टायफॉइडनं कुणाचं अख्खं वर्ष जात नाही, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. परक्यांच्या थुंकीत मी दिवसभर जंतू शोधते आणि घरच्या माणसानं सांगितलेली गोष्ट आहे तशी गिळते. आता मला याचं हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबा वर्षभरासाठी आमच्याकडे आले, व्हिजिटर व्हिसावर. वय चौऱ्याहत्तर. नोकरीची तीस वर्षं ते पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होते. नाव, वय, पत्ता, काय होतंय. लिहायचं, शिक्का मारायचा, चला पुढचा. इथे आल्यावर चौथ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे केसपेपर कुठे काढतात गं?"

मी त्यांना आमचं सरकारी आरोग्य कार्ड दाखवलं. हिरवं, प्लास्टिकचं, त्यावर नवऱ्याचं, माझं आणि लेकीचं नाव एकाखाली एक. "हे दाखवायचं. डॉक्टर बघतो, सरकार भरतं."

बाबांनी कार्ड उलटंपालटं केलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं. "सगळ्यांना?"

"इथल्या सगळ्यांना. तुम्हाला नाही. तुम्ही पाहुणे."

त्यांना स्वतःला नाही याचं काहीच वाटलं नाही, पण पोरीला आहे याचा इतका आनंद झाला की त्यांनी लगेच पुण्याला आत्याला फोन केला. पोरीकडे हिरवं कार्ड आहे म्हणाले. आठवड्याभरात निम्म्या नातेवाइकांत आम्ही अमेरिकेला गेल्याची बातमी झाली. एक मामा मला अजून न्यूयॉर्कला बर्फ पडला का विचारतो.

त्या वर्षी माझा ग्रँटचा अर्ज होता. इथे लॅबमधल्या माणसाचं पोट ग्रँटवर. मी अमुक शोधणार, इतकी वर्षं लागतील, असं सरकारला लिहून कळवायचं. मिळालं तर लॅब चालते, नाही मिळालं तर आवराआवर. माझ्याबरोबरची बरीच हुशार मंडळी या झोपाळ्याला कंटाळून औषध कंपन्यांत गेली. मी नाही गेले, कारण मी हट्टी आहे, आणि तो हट्ट कुणाकडून आलाय ते सांगायला नकोच.

या अर्जात एक परिच्छेद सामान्य माणसाला समजेल असा लिहायचा असतो. माझा नवरा आयटीतला. त्याला काही वाचून दाखवलं की तो लॅपटॉपवरून मान वर न काढता "मस्त आहे" म्हणतो. म्हणून मी बाबांना सामान्य माणूस केलं. ते डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसले होते. मी परिच्छेद वाचला, मग मराठीत समजावला. जुन्या औषधांना टीबीचा जंतू आता जुमानत नाही, तो कसा काय तरून जातो ते मला शोधायचंय, म्हणजे नवी औषधं निघतील.

बाबांनी सगळं नीट ऐकलं. "छान लिहिलंयस. पण मी सरकार असतो तर पैसे दिले नसते."

"का हो?"

"सरकारचा खिसा एकच ना? त्यातूनच तुझं जंतूंचं पाळणाघर चालतं आणि त्यातूनच शेजारच्या आजीचा गुडघा व्हायचाय." आमच्या शेजारी एक ग्रीक आजी राहते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिचं नाव सरकारी यादीत कधीचं पडून होतं. ती कुंपणावरून बाबांना लिंबं द्यायची, बाबा त्याच लिंबांचं लोणचं करून तिला परत द्यायचे. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, पण गुडघ्याची सगळी हकीकत बाबांना माहीत होती. "आधी दवाखाने भरा. नर्सा भरा. सगळ्यांना डॉक्टर मिळू दे. मग उरलं तर जंतू सांभाळा."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, सगळ्यांनी असाच विचार केला असता, तर ज्या गोळ्यांसाठी तुम्ही केसपेपर काढत होता त्या काय आकाशातून पडल्या असत्या?"

"नसत्या पडल्या. मान्य. पण मी खिडकीवर बसलो तेव्हा गोळी निघालेली होती, फुकट होती, आणि तरी माणसं मरत होती. का सांग? टीबीचा माणूस खिडकीशी आला की नाव खोटं सांगायचा, पत्ता खोटा सांगायचा. मला कळायचं, तरी मी लिहायचो. पुढच्या महिन्यात तो आला नाही की आमचा माणूस त्या पत्त्यावर जायचा, तर तिथे भंगारचं दुकान! औषध सापडलेलं आहे, बाई. माणूस सापडत नाही."

"म्हणजे औषध अर्धवट राहतं, म्हणूनच तर जंतू माजतो, म्हणूनच तर मला..."

"अर्धवट का राहतं ते शोध ना मग. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही." एवढं बोलून ते कुकर बघायला उठून गेले. कुकरची अजून एकही शिट्टी झाली नव्हती.

हे भांडण आमच्याकडे अख्खा हिवाळा चाललं. टीव्हीवर बजेटची बातमी लागली की बाबा सोफ्यावर सरसावून बसायचे, दवाखान्यांना काही मिळालं की मला कोपर मारायचे, संशोधनाला मिळालं की मी त्यांना. माझी अकरा वर्षांची लेक मधे बसून निकाल द्यायची. "आजोबा इज विनिंग, मम्मा." फितूर कार्टी. खरं सांगू? आई गेल्यापासून बाबा इतके खुलून बोलताना मी बघितले नव्हते. मला हरायलाही आवडत होतं, पण तसं मी त्यांना कळू दिलं नाही.

ग्रँट मिळाली नाही. ईमेल सकाळीच आली, दोन ओळींची. आपला अर्ज या खेपेस यशस्वी झालेला नाही. मी लॅबला फोन करून आज येत नाही म्हणाले आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून रडले. परत आले तर बाबांनी सांजा केला होता, वर तूप. मला वाटलं आता म्हणतील, बघ, दवाखान्यांना मिळाले असतील. म्हणाले, "नापास नाही झालीस तू. जागा कमी होत्या." आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्या हाताचं वजन तेव्हाच मला कमी वाटायला हवं होतं, पण मी माझ्याच दुःखात होते.

मग सप्टेंबर लागला, म्हणजे इथला वसंत, आणि सगळं क्लेटन शिंकायला लागलं. इथे गवताला फुलोरा आला की धडधाकट माणसंही नाक पुसत हिंडतात. बाबाही खोकायला लागले. मी म्हटलं, 'हे-फीवर', परागकणांची सर्दी. केमिस्टकडून गोळ्या आणून दिल्या. ते रोज एक घ्यायचे आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीपाशी जाऊन खोकायचे. घरात नाही खोकायचे. मला वाटलं, हवा खायला जातात! टीबीच्या परिषदेत स्टेजवर उभी राहून मी लोकांना सांगते, की तीन आठवड्यांवर खोकला असेल तर दुर्लक्ष करू नका. कपाळ माझं.

ऑक्टोबरात आमच्या लोकांचा धम्मदीक्षेचा कार्यक्रम असतो. कौन्सिलचा हॉल भाड्यानं घेतात, सगळे पांढरे कपडे घालून येतात, वंदना होते, मग खीर. बाबांनी उभ्या आयुष्यात हा दिवस चुकवलेला नाही, अंगात ताप असताना मला खांद्यावर घेऊन गेलेले आहेत. ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या. माझे पाय दुखतायत." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. पँटच्या पट्ट्याला त्यांनी नवं भोक पाडलं होतं, स्क्रूड्रायव्हरनं, वेडंवाकडं. त्याच्या पलीकडे आणखी एक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं, पैसे भरून. एक्सरे काढला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला जुना व्रण होता आणि त्याच्या कडेला काहीतरी नवं, धुरकट. मला डॉक्टरांनी काही सांगायची गरजच नव्हती. असे एक्सरे मी विद्यार्थ्यांना दाखवते.

"पूर्वी कधी टीबी झाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नो, नो," बाबा म्हणाले. "टायफॉइड. ओन्ली टायफॉइड."

माझं सगळं लहानपण त्या एका शब्दात बसलं होतं आणि तो शब्द खोटा होता.

डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या टीबी क्लिनिकला चिठ्ठी दिली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बाबा, या रोगाला इथे कार्ड लागत नाही. व्हिजिटर असा, विद्यार्थी असा, कुणीही असा. तपासणी, गोळ्या, सगळं सरकारचं. खोकला काही व्हिसा बघून पसरत नाही, म्हणून तेही बघत नाहीत." मला वाटलं, हे ऐकून तरी ते खूश होतील. अख्खा हिवाळा ते याच्याच बाजूनं भांडत होते ना!

ते म्हणाले, "फुकट असतं तिथे नाव लिहून घेतात."

"मग लिहू दे की."

"मला टायफॉइड झाला होता. मी नाही येणार."

चार दिवस मी समजावलं. गोड बोलून, चिडून, नवऱ्याला मधे घालून. ढिम्म. माझ्याशी खोटं बोलण्याचं कारण काय? लपवायचं तर जगापासून लपवा, मी तर त्याच रोगाची भाकरी खाते! मला वाटलं, लाज वाटते म्हातारबाला. नाहीतर हट्ट. दोन्ही खानदानी. पाचव्या दिवशी लेक त्यांच्या मांडीला टेकून होमवर्क करत होती आणि ते तोंड दुसरीकडे फिरवून रुमालात खोकले. माझा तोल गेला. "तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीला झाला, तर काय कराल?"

हे वाक्य मी बोलले. ते मला अजून लागतं. बाबांनी लेकीचं डोकं हलकेच बाजूला केलं आणि उठून आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहाचा कप मला लाँड्रीत सापडला. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, साबणाच्या पावडरीशेजारी, धुऊन पालथा घातलेला. जवळ एक ताटली आणि चमचा. आमच्या घरात वेगळा कप म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागेल. माझ्या आजोबांच्या काळात गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर, दाराशी ठेवलेले असायचे. चहा प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत तिथेच ठेवायचा. आजोबांनी एकदा आतल्या कपात चहा मागितला म्हणून मार खाल्ला. बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट कुठली असेल तर ही, की जिथे तुझा कप वेगळा असेल तिथे पाणीसुद्धा पिऊ नकोस. आणि त्या माणसानं स्वतःच्या हातानं, माझ्या घरात, स्वतःचा कप वेगळा काढला होता.

मी तो कप उचलला, त्यातच चहा ओतला आणि त्यांच्यासमोर आपटला. "कपबशीनं टीबी होत नाही. हवेतून होतो. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?" माझा आवाज भलताच चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "रात्री बोलले ते चुकलं माझं. पण हे असलं परत करायचं नाही. माझ्या घरात नाही."

बाबांनी कप जवळ ओढला. मग चहा पिऊन म्हणाले, "कधी जायचंय क्लिनिकला?"

पुढचं सगळं सरळ झालं, ते सांगून टाकते. थुंकीत जंतू निघाले. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, कुणाला काही निघालं नाही. बाबांनी सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता, त्यासाठी व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, आणि वजन वाढवून ते पुण्याला परत गेले. माझ्या लॅबला त्याच्या पुढच्या खेपेला ग्रँट मिळाली, निम्मी. तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, उरलेली निम्मी गुडघ्यांना गेली असेल, तर जाऊ दे. शेजारच्या आजीचा गुडघा झाला खरा. त्या सहा महिन्यांत बाबांनी मला थोडं थोडं करून सगळं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या, घरी त्यांच्या आईनं त्यांचा कप वेगळा केला, दवाखान्याच्या रांगेत ओळखीचे लोक भेटायला लागले, म्हणून त्यांनी औषध मधेच सोडलं. माझ्या आईलासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही, इतकी वर्षं संसार करून. तर हे सगळं नंतरचं. अवघड होती ती क्लिनिकमधली पहिली वीस मिनिटं.

बाबा सकाळी सातलाच तयार होऊन बसले होते. स्वेटर, कानटोपी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट आणि कागद. क्लिनिकमध्ये त्यांना मास्क दिला. नर्स माझ्यापेक्षा वयानं मोठी, दणकट, गळ्यात ओळखपत्राबरोबर चष्मा लटकवलेला. तिनं बाबांना विचारलं, बोलायला कुठली भाषा बरी पडेल? बाबा एरवी पोस्टमनलाही "गुड डे, हाऊ आर यू" म्हणून थांबवून ठेवणारे. म्हणाले, "मराठी."

"मी सांगते ना," मी खुर्ची पुढे ओढली. "मी याच क्षेत्रातली आहे."

"नो वरीज, पण नको," नर्स म्हणाली. "आज तू फक्त मुलगी म्हणून बस." आणि तिनं टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला. इथल्या हॉस्पिटलांत असंच असतं. घरच्यांना दुभाषी होऊ देत नाहीत, कारण घरचे अर्धं गाळतात. मला राग आला, पण बसले.

फोनमधून एका बाईचा आवाज आला. तरुण वाटत होता. "नमस्कार. मी दुभाषी बोलते आहे. आपण जे बोलाल ते सगळं मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगेन. ते बाहेर कुणालाही कळणार नाही." बाबांना कुणी 'आपण' म्हटल्याला किती वर्षं झाली असतील. ते खुर्चीत जरा सरळ बसले.

नाव झालं, वय झालं, पत्ता झाला. पत्ता बाबांनी पोस्टकोडसकट सांगितला. मग नर्सनं कागदावरून पेन खाली आणलं, इंग्रजीत विचारलं, आणि फोननं ते मराठीत विचारलं, "आपल्याला पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का?"

मी बाबांकडे बघत होते. ते फोनकडे बघत होते, त्या काळ्या डबीत कुणी बसलेलं दिसावं तसे.

"आपल्याला प्रश्न समजला का?" फोननं विचारलं.

"समजला," बाबा म्हणाले. "पण आधी मला एक विचारायचंय. विचारून द्याल का त्यांना?"

"हो. बोला ना."

"माझी मुलगी इथे आली, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला टीबी झालाय का. तिनं मला फोन करून विचारलं. मी सांगितलं, नाही म्हणून लिही."

दुभाषी बोलत होती. तिची पद्धत अशी, की माणूस 'मी' म्हणाला की तीही 'मी'च म्हणते. "माय डॉटर केम हिअर फोर्टीन इयर्स अगो," एक परकी तरुण बाई माझ्या बापाच्या जागी बोलत होती. "शी कॉल्ड मी अँड आस्क्ड. आय टोल्ड हर टू राइट नो."

मला तो फोन आठवतही नव्हता. पंधरा प्रश्न होते त्या फॉर्मवर, मी लेक्चरला पळत होते, दहा सेकंदं बोललो असू. आणि हा माणूस ती दहा सेकंदं चौदा वर्षं उराशी घेऊन बसला होता. खोकून खोकून अंगणात वाकायचा, पट्ट्याला भोकं पाडायचा, आणि कुणी विचारलं की टायफॉइड म्हणायचा. आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते!

"तिला काही माहीत नव्हतं," बाबा पुढे म्हणाले. "खोटं मी बोललो. तिनं माझ्या शब्दावर लिहिलं. तिची इथे नोकरी आहे, घर आहे, पोरगी शाळेत जाते. आता तुम्ही माझं लिहून घेतलंत की सरकारला कळणार. मला काय करायचं ते करा, मला उद्या परत पाठवा. पण तिला इथून काढणार नाहीत ना?"

"शी डिडन्ट नो," फोन म्हणाला. "आय लाइड. नॉट हर. डू व्हॉट यू लाइक विथ मी. बट... दे वोन्ट सेंड हर अवे, विल दे?"

नर्सनं पेन खाली ठेवलं. उत्तर तिनं फोनला दिलं नाही. ती खुर्ची सरकवून बाबांच्या समोर आली, त्यांच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत म्हणाली, की इथे काम आहे ते तुम्हाला बरं करायचं, एवढंच. कुणीही कुणालाही कुठेही पाठवत नाहीये. फोननं ते मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द.

"नक्की?" बाबांनी विचारलं.

हे दुभाषीनं नर्सला इंग्रजीत सांगायचं होतं. तिनं सांगितलं नाही.

"नक्की, काका," ती म्हणाली. "अगदी नक्की."

नर्सनं माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणाले ते? बाबांनी मास्कखाली रुमाल घालून नाक पुसलं, खुर्चीवरच माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "झाला होता गं. लिहा म्हणावं."